एक जूनची मुलं

बन्सीमामा आले तेव्हा गोदा छपरावर होती. मे संपत आला की शाळेची कौलं परतायची, फुटकी काढून त्या जागी नवी बसवायची, हे काम तीन वर्षं तीच करत होती. मी शिडीवर उभी राहून तिला कौलं देत होते. चढाच्या शेवटच्या वळणावर पांढरी टोपी दिसली तशी ती वरूनच ओरडली, "मामा, तिथंच थांबा! काळ्या सुटा आहे!"

काळ्या आमचा कुत्रा. त्याला बांधून होईपर्यंत मामा करवंदीच्या जाळीपाशी निमूट उभे राहिले. मग अंगणात आले, पिशवी खाली ठेवली आणि मान वर करून म्हणाले, "आगं उतर की खाली. पडलीबिडलीस तर पावन्याला काय त्वांड दावू मी?"

"कोण पाहुणे?" मी विचारलं.

मामा नुसते हसले. गोदानं हातातलं कौल बसवलं, काढलं आणि पुन्हा तिथंच बसवलं.

आमच्या शाळेला खालच्या गावातले लोक 'वरची शाळा' म्हणत. सरकारी कागदावर ते बालगृह होतं. एसटी खिंडीपर्यंत येई, तिथून पाऊण तासाचा चढ. टाकलेली, हरवलेली, मागं कुणी न राहिलेली तेवीस मुलं तिथं राहत आणि शिकत. चोविसावी मी. माझी आई ती शाळा चालवत असे. मी दोन वर्षांची असताना वडील गेले आणि ती मला कडेवर घेऊन शिक्षिका म्हणून इथं आली, ती परत उतरलीच नाही. पण तिथं 'आई' हा शब्द इतर कुणाला म्हणायला मिळत नव्हता, म्हणून मीही म्हणत नसे. सगळ्यांसारखी मी तिला 'बाई' म्हणे आणि अहो-जाहो करी. बाई गेल्या त्याला आता चार महिने झाले. अजूनही मला दुसरं काही म्हणता येत नाही.

गोदा एसटीत सापडली होती. खिंडीत मुक्कामाला थांबणाऱ्या गाडीच्या शेवटच्या बाकावर ती झोपलेली होती. शेख कंडक्टरनं सकाळी तिला खांद्यावर टाकून वर आणलं. 'गोदी' एवढं नाव तिला सांगता आलं, बाकी काही नाही. नऊ वर्षं तिच्यासाठी कुणी फिरकलं नाही. मग एका दिवाळीच्या आधी हे बन्सीमामा बालकल्याण समितीचं पत्र घेऊन आले. सख्खा मामा. बहीण आणि मेहुणा ऊसतोडीला जात. मेहुणा परागंदा झाला, बहिणीनं पोर गाडीत बसवून दिली. त्यानंतर तीन वर्षं, दिवाळीला आणि उन्हाळ्यात, मामा न चुकता येत राहिले. येताना खारीक-खोबरं आणत, गोदाच्या डोक्यावर हात ठेवत आणि ओसरीवर बसून तिच्याकडं बघत राहत.

या खेपेला ते ओसरीवर टेकले आणि पाणी पिऊन झाल्यावर सरळ मुद्द्यावरच आले.

"बाई, परवा एक तारीख. अठरा पुरी होत्यात पोरीला. समितीच्या सायबानं तवाच सांगितलंतं, अठरा झाली की ती तिच्या मनाची. म्हून आलो न्यायला."

"बारावीचा निकाल यायचाय तिचा," बाई म्हणाल्या. "नर्सिंगचा फॉर्म भरलाय मी."

"ते समदं ब्येस हाय. पर लगीन ठरवलंय." मामांनी पिशवीतून हिरवी साडी काढून दोन्ही हातांवर धरली, जणू बाईंनी तिची परीक्षा घ्यावी. "सात तारखेला. तुमी यायलाच पायजे. पोरगा गुणाचा हाय, सुपारीचंसुदिक व्यसन न्हाई. आवंदा त्याला तोडीला जायचंय, अन एकट्याला कोन नेतंय?"

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. एकानं तोडायचं, एकीनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. त्या दोघांना मिळून एक 'कोयता' म्हणतात. बाईंना हे सांगायला नको होतं. आमच्याकडची चार मुलं अशाच कोयत्यांची होती.

"तिची आई कशानं गेली, बन्सीभाऊ?"

"तोडीवरच की. फडात, बाळंतपनात." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला काय हौस हाय का, बाई? पर तिला घर नगं? मी हाय तवर मार्गी लावतो. उद्या मी नसल्यावर कोन बघंल तिच्याकडं?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. तेच अवघड होतं. बाईंनी साडीच्या काठावरून बोट फिरवलं आणि त्यांना जेवायला उठवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी ऑफिसचं दार लोटलं. बाई पावसाळ्याच्या कपड्यांची यादी करत होत्या.

"बाई, गोदा अठराची नाहीये."

"मग?"

"सोळाची असेल. आणि सोळाच्या मुलीचं लग्न कुणाला लावता येत नाही."

"कशावरून सोळाची?"

मग मी त्यांना बारा वर्षं कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक मुलांना वय नसे. म्हणून बाई जुन्या मास्तरांची रीत वापरत. मुलाला ताठ उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला लावायचा. डावा कान हाताला लागला तर सहा वर्षं पूर्ण. जन्मतारीख सगळ्यांची एक जून. शाळेत नाव घालायला ती सोयीची पडते. शेख कंडक्टरनं गोदाला आणलं त्या सकाळी मी ऑफिसच्या दारात उभी होते, नुकतीच सहाची झालेली. माझ्या वयाची मुलगी तिथं एकही नव्हती. हिनं येताच माझ्या फ्रॉकचं टोक धरलं आणि सोडेचना. मला ती हवी झाली, एखादी वस्तू हवी व्हावी तशी. बाईंनी तिला हात वर न्यायला सांगितलं. कान दोन बोटं लांब राहिला. बाई वळून कंडक्टरशी बोलायला लागल्या. तेवढ्यात मी पुढं झाले, तिचं डोकं एका बाजूला वाकवलं आणि कोपर वर रेटलं. बाईंनी पुन्हा पाहिलं तेव्हा तिचा कान तिच्या मुठीत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण कान घट्ट धरलेला.

"ती चारची होती, बाई. आम्ही तिसरीत गेलो तेव्हा कुठं तिचा पहिला दात पडला. सगळ्या मुली चिडवायच्या तिला."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मी पाठ का वळवली, असं वाटतं तुला?"

मला कळलं नाही.

"शेख कंडक्टर दोन शब्दांच्या वर कधी बोलला का कुणाशी? त्याच्याशी मला एवढं काय बोलायचं होतं?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "सहाच्या आतलं मूल आपल्याला ठेवता येत नाही. शहरातल्या शिशुगृहात पाठवावं लागतं. त्या वर्षी दोन पाठवली होती मी. महिन्यानं बघायला गेले तर एकच होतं. दुसऱ्याचं काय झालं ते कुणाला धड सांगता येईना. एक बाई म्हणाली ताप आला होता, दुसरी म्हणाली जुलाब. मग ही आली. मी तिला हात वर करायला लावला, आणि तू दारात उभी होतीस, आणि तू काय करशील ते मला तुझ्या तोंडावर दिसत होतं."

बारा वर्षं मी ते ओझं एकटीचं समजून वागवलं होतं. ते एका वाक्यात गेलं, आणि मला अजिबात हलकं वाटलं नाही.

"मग आता सांगा समितीला," मी म्हटलं. "आजच सांगा. मी येते तुमच्याबरोबर."

"काय सांगू? रजिस्टरात मी खोटं लिहिलं?"

"हो."

"मग ते बाकीच्या बावीस जणांचं विचारतील. सगळ्यांच्या एक जून. सगळ्यांचे कान मीच धरायला लावलेत. बाहेर विटीदांडू खेळतायत ना, त्यातली दोघं आजही सहाची नाहीत. त्यांना उद्याच गाडीत बसवतील."

"हाडांची तपासणी करतात म्हणे. सिव्हिलला."

"करतात. आणि लिहून देतात, सोळा ते अठरा. त्या कागदावर काही थांबत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मामा पहिल्यांदा आले ना, त्याच आठवड्यात मी चौकशी करून आले." त्यांनी यादी पुन्हा पुढं ओढली. "आणि सुनीती, तिला काय हवंय ते विचारलंस का तू?"

विचारायची गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं.

गोदा छपराच्या शेवटच्या पाख्यावर होती. मी शिडी चढून तिच्याजवळ वाशावर बसले आणि तिला सगळं सांगितलं, कान आणि कोपर आणि बाईंची पाठ. तिनं तोंडावर हात घेतला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. इतकी हसली की एक कौल घरंगळत जाऊन खाली फुटलं.

"आणि मी समजत होते माझे हात लांब आहेत! गावात सगळ्यांना सांगत होते मी, लांब हात, लांब हात!"

"गोदे, हसू नको. तू फक्त नाही म्हण. मला जायचं नाही, एवढंच बाईंना सांग. मग त्या काहीतरी करतील."

"का म्हणू नाही?"

"त्या मुलाला पाहिलंयस तरी का?"

"फोटो पाहिलाय. कान मोठे आहेत." ती पुन्हा हसायला लागली, पण अर्ध्यातच थांबली.

"आणि नर्सिंग?"

तिनं बोटानं एका कौलावरचं शेवाळ खरवडलं. "नर्सिंग आवडलं असतं," ती म्हणाली. खाली अंगणात मामा दोन लहान मुलींना दोरखंडाला पीळ घालायला शिकवत होते.

"सुनी, रविवारी आपण सगळ्या धोंडीवर जाऊन बसायचो, आठवतं? खिंडीकडं तोंड करून. गाडी यायच्या वेळेला."

"हो. कुणाचं तरी कुणी येईल म्हणून."

"तू पण बसायचीस आमच्यात. मला फार राग यायचा तुझा."

"माझा? का?"

"तुला गं कुणाची वाट बघायची होती? तुझी आई आत वरण फोडणीला टाकत असायची. तू तिला बाई म्हण, नाहीतर काही म्हण."

मी जवळचं एक कौल उचलून मांडीवर घेतलं.

"मला न्यायला माणूस आलंय," गोदा म्हणाली. "तेवीस जणांत मला. एवढा चढ चढून, तीन वर्षं. त्याला मी सांगू, मी येत नाही, परत जा? आणि त्या दोघी बघतायत ना खाली. त्यांना काय वाटेल? आलेल्या माणसाला असं परत लावायचं असतं?"

"पण तुझं वय, गोदा."

"ते तुमचं दोघींचं आहे," ती म्हणाली. रागानं नाही. "दे ते कौल. संध्याकाळच्या आत संपवायचंय मला."

मी कौल दिलं.

एक जूनला आमच्याकडं सगळ्यांचा वाढदिवस असे. अंगणात ओळीनं पाट मांडायचे, बाई एका टोकापासून ओवाळत जायच्या, शेवटी शिरा. माझा खरा वाढदिवस मार्गशीर्षातला, पण तो कधी साजरा झाला नाही. मीही याच ओळीत बसायची. त्या दिवशी गोदा हिरवी साडी नेसून बसली होती. साडी तिला फार मोठी दिसत होती. बाईंनी तिला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं. आणि हात न थांबवता त्या पुढच्या पाटावर गेल्या. मामा कोपऱ्यात उभं राहून उपरण्यानं डोळे पुसत होते. शिरा वाढायला लागले तेव्हा एका लहानग्यानं विचारलं, "गोदाताई आज किती वर्षांची झाली?" आम्ही तिघीही एकदम काहीतरी दुसरंच बोलायला लागलो.

ऑफिसात रजिस्टर उघडलं. बाईंनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं. संस्था सोडल्याचा दिनांक. सोबत कोण. कारण, वय पूर्ण. त्यांचा हात कापला असता तर मला बरं वाटलं असतं. कापला नाही. गोदानं सही केली. मामांनी अंगठा उठवला आणि बोटावरची शाई पायजम्याला पुसली.

"बाई, निकाल लागला की कळवा हां," गोदा म्हणाली.

"कळवते."

आमच्याकडं जाणाऱ्याला वळणापर्यंत पोचवायला सगळ्यांनी जायची पद्धत होती. त्या दिवशी बाई गेल्या नाहीत. त्या पायरीवर बसून राहिल्या, म्हणून मीही त्यांच्याजवळ थांबले. मुलं गलका करत गेली. पुढं मामांची टोपी, डोक्यावर गोदाची पत्र्याची पेटी, मागं हिरवी साडी. वळणाशी सगळे थांबले आणि मग मुलं एकेक करून परत फिरली.

आणि मग हिरवी साडी पळत वर येताना दिसली. निऱ्या एका हातात धरून, ठेचकाळत, एकटीच. मामा खाली तसेच उभे होते.

बाई उठल्या. इतक्या झटकन मी त्यांना कधी उठताना पाहिलं नव्हतं. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले. "आली," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच.

गोदा धापा टाकत पुढं आली आणि तिनं कमरेला खोचलेली कोठीची किल्ली काढून बाईंच्या उघड्या हातात ठेवली.

"राहिलीच होती माझ्याकडं," ती म्हणाली. "तांदळाला ऊन दाखवायचं राहिलंय, बाई. टोके झालेत. पाऊस लागायच्या आत दाखवा."

"दाखवते," बाई म्हणाल्या.

ती वाकली, पाया पडली आणि गेली. या वेळी तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण उतार होता आणि साडीत तिला पायाखाली बघावं लागत होतं.

ती प्रथम श्रेणीत पास झाली. बाईंनी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

सात तारखेच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. बाई म्हणाल्या, गेलो तर अक्षता टाकाव्या लागतील.

दोन वर्षांनी, तोडीवरून माणसं परतल्यावर, ऐन उन्हाळ्यात गोदा आली. मी सुट्टीत घरी होते. तिच्या काखेला सात-आठ महिन्यांची मुलगी होती, आणि पोट पुन्हा दिसत होतं. नवरा खिंडीतच थांबला होता. पाच वाजताच्या गाडीनं परत जायचं होतं. माझ्याकडं बघून ती हसली तेव्हा समोरचा एक दात नव्हता. हातांच्या तळव्यांना उसाच्या पाचटानं चिरा पडल्या होत्या, त्या आता काळ्या पडून पक्क्या झाल्या होत्या.

"मामा?" बाईंनी विचारलं.

"गेले, बाई. गेल्या दिवाळीत."

बाईंनी तिला जेवायला वाढलं. जेवताना ती शाळेतल्या सगळ्यांची विचारपूस करत होती, काळ्याचीसुद्धा. कुठलं कौल गळतं आणि कुठलं नाही हे विचारलं. स्वतःचं काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जेवून हात धुतले आणि "जरा टेकते" म्हणून ओसरीवर आडवी झाली. वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिला झोप लागली.

बाईंनी मुलीला मांडीवर घेतलं. दुसऱ्या हातानं त्या वर्तमानपत्राच्या घडीनं गोदाच्या तोंडावरच्या माश्या वारत बसल्या. तीन वाजले. साडेतीन वाजले. झोपेत गोदाचं तोंड उघडं पडलं होतं, आणि तिचा चेहरा त्या पाख्यावरच्या दुपारपेक्षाही लहान दिसत होता. माझ्या मनात हिशेब झाला. आत्ता, या उन्हाळ्यात, ती अठराची होत असणार.

चारला मी म्हटलं, "बाई, उठवायला हवं. पाऊण तास लागतो खाली जायला."

"थांब."

"गाडी चुकेल तिची."

"थांब जरा, सुनीती. हिला आज तरी झोपू दे."

त्यांचा हात हलत राहिला. सव्वाचारला खालून, वळणाच्याही खालून, पुरुषाची हाक आली. गोदा ताडकन उठून बसली. क्षणभर तिला आपण कुठं आहोत ते कळलं नाही. ती आमच्याकडं अनोळखी माणसांकडं बघावं तशी बघत होती. मग तिनं बाईंच्या मांडीवरून मुलगी ओढून घेतली.

"बाई, उठवायचं नाही का! काय हे! आता ते बोलतील मला."

"अगं..." बाई म्हणाल्या.

पण ती पायऱ्या उतरलीसुद्धा होती. जाताना आमच्याकडं हात केला की पदर सावरला, ते मला नीट दिसलं नाही. मूल रडत होतं. आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग थांबला.

बाई तशाच बसल्या होत्या, वर्तमानपत्राची घडी हातात धरून. माश्या आता कुणावरच बसत नव्हत्या.

"दोन तास झोपली," त्या म्हणाल्या.